मरणाचा प्रसंग पाठ असलेला माणूस

गल्लीत सगळे त्याला डॉक्टर म्हणत, पण खऱ्या माणसाची नाडी त्याने जन्मात कधी तपासली नव्हती. तो सिनेमात डॉक्टर व्हायचा. उंच कपाळ, कानाजवळ पांढरे केस आणि न आणताही येणारं गांभीर्य, एवढ्यावर पहिलं काम मिळालं आणि पुढे तीस वर्षं दुसरं काही मिळालंच नाही. वकील नाही, पोस्टमन नाही, चोर तर नाहीच.

त्याची त्याला खंत नव्हती. काम तोंडपाठ होतं. कौटुंबिक सिनेमा असला की ऑपरेशनच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा विझायचा, हा बाहेर यायचा, चष्मा काढून मान हलवायचा. मारामारीच्या सिनेमात भूल न देता नायकाच्या खांद्यातली गोळी काढायची आणि टण्णकन वाटीत टाकायची. भुताच्या सिनेमात 'हे सगळे मनाचे खेळ आहेत' असं ठणकावून सांगायचं आणि मध्यंतराच्या आत मरायचं. विनोदी असेल तर आपलीच सुई आपल्यालाच टोचून घ्यायची. प्रेमकथेत मात्र कागद हातात धरून हळूच म्हणायचं, "सहा महिने." त्या सहा महिन्यांत दोन गाणी, एक लग्न आणि सगळ्यांची माफी आरामात मावायची.

तो ज्या स्टुडिओत काम करायचा, त्याच्याच कपडेपटात त्याची बायको शिवणकाम करायची. कोटाचं माप घेता घेताच दोघांचं जमलं. "खांदे किती पाडता हो," ती तेव्हा म्हणाली होती, "असा डॉक्टर बघून पेशंट उठून पळेल." पुढे मुलगी झाली, शिकली, नोकरीला दूरच्या शहरात गेली. घरात दोघंच उरली.

एका हिवाळ्यात बायकोची पाठ धरली. जेवण जाईना. "दिवसभर मशीनवर वाकून बसतेस, दुखणारच," तो म्हणाला, आणि तिलाही ते पटलं. तिला खोकला नव्हता, रुमालावर रक्त नव्हतं, जिन्यात भोवळ आली नव्हती. आजार म्हणून त्याला जे जे माहीत होतं, त्यातलं तिला काहीच होत नव्हतं. तीन महिने ती पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून शिवत राहिली. अंगावर सैल झालेले स्वतःचे कपडे तिने दोनदा शिवून आत घेतले. तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी दवाखाना गाठला, तपासण्या झाल्या. तिथली डॉक्टरीण त्याच्या मुलीच्या वयाची. संगणकावरची नजर न काढता म्हणाली, "कॅन्सर स्वादुपिंडातून यकृतात पसरलाय. आता त्रास कमी कसा होईल तेवढं बघू." ती आणखी काही बोलेल म्हणून तो उभाच राहिला. तिने पुढच्या पेशंटला हाक मारली. किती दिवस, हे त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

दहा दिवसांनी मुलीचा फोन आला. "बाबा, मी निघते. रजेचं बोलून ठेवलंय."

"आत्ताच कशाला? अजून वेळ आहे. रजा संपून जाईल, मग ऐन वेळी काय करशील?"

बायको दवाखान्यातल्या कॉटवरून ऐकत होती. "येऊ द्या की तिला," ती म्हणाली.

"येईल गं. आज तर बरी दिसतेयस तू."

ती भिंतीकडे वळली.

त्याला खरंच वाटत होतं, वेळ आहे. एखादी संध्याकाळ येईल, मुलगी उशाशी असेल, बायको दोघांचे हात हातात घेईल. मग पाठीच्या दुखण्याबद्दल तो तिची माफी मागेल. वाक्यंही त्याने जुळवून ठेवली होती.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराला ती गेली. तो तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होता. पुडकं घेऊन वर आला, तर नर्स नळी गुंडाळत होती.

"काही बोलली का?" त्याने विचारलं.

"झोपेतच गेल्या, काका."

मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. सगळं उरकलं, माणसं पांगली, तेव्हा ती आईच्या मशीनपाशी जमिनीवर बसली.

"अजून वेळ आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मला वाटलं."

"तुम्हाला वाटलं," ती म्हणाली. ती ओरडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. चौथ्या दिवशी आईची कात्री बॅगेत घालून ती परत गेली.

दोन महिन्यांनी स्टुडिओतून बोलावणं आलं. कौटुंबिक सिनेमा. लाल दिवा विझला, तो दारातून बाहेर आला. लेकीचं काम करणारी नटी धावत आली आणि त्याच्या कोटाला धरून म्हणाली, "डॉक्टर, माझी आई कशी आहे?"

त्याने चष्मा काढला आणि पुन्हा घातला. पाच वेळा तोच प्रसंग घेतला. सहाव्या वेळी तो हळूच म्हणाला, "मला नको विचारूस. मला काही माहीत नाही." दिग्दर्शक भला माणूस, त्याने जेवणाची सुट्टी दिली. जेवणानंतर तो कोट दुसऱ्याच माणसाच्या अंगावर होता, पाठीमागून टाचण्या लावून घट्ट केलेला. त्या माणसाने एका दमात काम उरकलं. हा खुर्चीत बसून बघत राहिला. त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही.

मुलगी रविवारी फोन करते. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, भाडेकरूची चौकशी करावी तशी. एकदा धीर करून तो म्हणाला, "त्या वेळी मी तुला..."

"बाबा, राहू द्या ते," ती म्हणाली. फोन बंद झाला.

हल्ली तो दुपारी दोनलाच अंथरूण घालतो. झोप लागतेच असं नाही.