फौजींचं फोल्डर आणि माझा हुकूम

गावातल्या सगळ्या आजी-माजी फौजींचे फोटो ज्या फोल्डरमध्ये होते, ते फोल्डर मी माझ्या हाताने बंद केलं आणि बंद करताना स्वतःलाही बाहेर ठेवलं.

त्याला कारण होतं. घरात कॉम्प्युटर एकच. त्यावर माझं फौजींचं काम चालायचं आणि बायकोच्या बचत गटाची चटणीची लेबलंही तिथंच व्हायची. फलटण-म्हसवड रस्त्याच्या कडेला आमचं गाव. पाणी कमी, पण घरटी एक माणूस फौजेत. प्रजासत्ताक दिनाला ग्रामपंचायतीसमोर या सगळ्यांच्या फोटोंचा फलक लावायचं ठरलं, आणि फोटो गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. वर्षभर दारोदार फिरलो. मग नमुन्यापुरते थोडे फोटो साताऱ्याच्या फलकवाल्याला धाडले, आणि त्याने नमुना छापून पाठवला. त्यात एक सुभेदार आणि एक नाईक यांच्या मधोमध शेंगदाण्याची चटणी होती, वजनासकट.

बायको म्हणाली, "माजा हात लागून गेलं आसंल तिकडं. चटणी काय वंगाळ दिसतीया व्हय?"

त्याच दुपारी मी फोल्डरच्या सिक्युरिटीत शिरलो. कुणाला आत येऊ द्यायचं आणि कुणाला नाही, याची तिथं यादी असते. मी 'एव्हरीवन', म्हणजे सर्वजण, निवडलं आणि 'डिनाय'वर, म्हणजे मनाईवर, खूण केली. कॉम्प्युटरने काहीतरी इशारा दिला, तो न वाचताच 'येस' म्हटलं. मी अख्खी नोकरी फौजेत क्लार्क म्हणून काढली. तिथं 'सर्वांना प्रवेश बंद' अशी पाटी लागली, की ती लावायला सांगणारा साहेब आत बसून चहा पीत असतो. सर्वांमध्ये साहेब धरायचा नसतो, हे माझ्या हाडात मुरलेलं. कॉम्प्युटरने मला साहेब मानलंच नाही.

दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडेना. परवानगी नाही म्हणे. फलकवाल्याला सगळे फोटो चार दिवसांत हवे होते. बाकीच्यांचे फोटो पुन्हा मागून आणता आले असते, पण वरच्या आळीच्या काकीचं काय? तिचा नवरा शिपाई होता, जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचा एकच फोटो होता. मी तो कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, परत दिला, आणि त्याच पावसाळ्यात तिचं छप्पर गळून ट्रंकेत त्याचा लगदा झाला. आता तो शिपाई माझ्या फोल्डरमध्ये तेवढा उरला होता.

काकी रोज सकाळी येऊन पायरीवर बसायची. "उघडलं का रं?"

"उघडतंय काकी. जरा अडकलंय."

मी कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. फोल्डरचं नाव बदलून बघितलं. ते पेनड्राइव्हवर ओढलं, आलं नाही. शेवटी मी ते डिलीट करायला निघालो. कचऱ्याच्या डब्यातून परत काढलं की बंदी गळून पडेल, असा हिशोब. डिलीटलाही परवानगी मिळाली नाही. माझ्याच हुकमाने मला माझ्यापासून वाचवलं. साताऱ्यातल्या एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "घिऊन या, फॉर्मॅट मारू. एकदम नवा हुईल." फॉर्मॅट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. मी फोन ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी डोकं ठिकाणावर आलं. ऑफिसात एखाद्या हुकमाचा घोळ झाला, तर आम्ही दारावरच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालत नव्हतो. सही कुणाची आहे ते आधी बघायचो. मी दार ठोठावणं सोडलं आणि जिथं हुकूम लिहिला होता, तिथं परत गेलो. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये एक ओळ होती, मालक कोण? समोर लिहिलेलं, दाखवता येत नाही. तिथं माझं नाव घातलं. मग ती मनाईची ओळ दिसली. ती काढली, आतल्या सगळ्या फाइलींनाही तेच लागू केलं, आणि फोल्डर उघडलं.

काकी तोवर आत येऊन माझ्या खुर्चीमागं उभी राहिली होती. मी वरपासून खालपर्यंत हजेरी घेतली. सुभेदार, हवालदार, नाईक, एकही गैरहजर नव्हता. एवढ्याशा गावाने एवढी माणसं दिली, ती सगळी एका पडद्यावर बघून माझा ऊर भरून आला. त्यात थोडा माझ्याही कर्तबगारीने भरला होता, नाही कशाला म्हणू? ना दुकान, ना फॉर्मॅट. मग काकीचा शिपाई मोठा करून दाखवला. टोपी एका कानावर कललेली, हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले.

काकीने पदराने पडदा पुसला. बराच वेळ बघत राहिली. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"कुनी कोंडलं व्हतं ह्यास्नी?" तिने विचारलं.

"मीच," मी म्हणालो. "चुकून."

"बरं झालं तुला बॉर्डरवर ठिवला न्हाई," काकी म्हणाली. "आपल्याच मानसास्नी धरून आत घातलं आसतंस."