काळ्यावरची लाल अक्षरं

तुर्भ्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही दोघं न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डाचे सर्व्हर सांभाळतो. मी आणि लातूरकडची एक सहकारी, माझ्याहून बरीच लहान. कुठला प्रोग्रॅम किती प्रोसेसर खातोय हे कळावं म्हणून एका स्क्रीनवर दिवसभर ‘टॉप’ ही कमांड चालू असते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी, सारख्या बदलणाऱ्या.

एका सोमवारी तिने त्या स्क्रीनची मांडणी बदलली. नको ते रकाने काढले, प्रोग्रॅमचं पूर्ण नाव दिसेल असं केलं आणि सगळ्या ओळी लाल केल्या.

“आता कसं डोळ्यात भरतं ना?”

मी हो म्हटलं. खरं तर काळ्यावरचा लाल मला जवळजवळ दिसतच नाही. कॉलेजनंतर जहाजावरच्या नोकरीसाठी मेडिकलला गेलो, तिथे रंगीत ठिपक्यांमधला आकडा वाचता आला नाही आणि मला परत पाठवलं. त्यानंतर ही गोष्ट मी कुठल्याच ऑफिसात बोललो नाही.

दोन दिवसांनी ती जेवायला गेली असताना यार्डाच्या गेटवरून फोन आला. “सायेब, पावती निघत नाय. गाड्यांची लाइन लागली हाय.”

मी डोळे ताणून ओळी पाहिल्या. काही कळेना. “इथे ठीक दिसतंय, तुमचं नेटवर्क बघा,” म्हणालो.

ती परत आली आणि उभ्यानेच ओरडली, “अहो, पहिलीच ओळ बघा! पावत्यांचा प्रोग्रॅम अडकलाय.” तिने तो बंद करून पुन्हा सुरू केला. गेट सुटलं. मग ती माझ्याकडे वळली. “वाचलं नाहीत का तुम्ही?”

“दिसलं नाही. मला लाल रंग नीट दिसत नाही, जन्मापासून.”

तिने विचारलं, “मग सिग्नलला काय करता?”

“वरचा दिवा लागलाय की खालचा, ते बघतो.”

ती हसली. मलाही हसू आलं.

“मग सोमवारी हो का म्हणालात?”

“या डोळ्यांपायी एकदा जहाजावरची नोकरी गेलीय. म्हणून सांगत नाही कुणाला.”

“इथे कुठे जहाज हाकायचंय?” म्हणत तिने खुर्ची ओढली आणि कॅपिटल झेड दाबलं. रंग निवडायचं पान उघडलं. एकेक रंग लावून ती विचारत गेली, “हा? हा दिसतो?” निळा तर तिलाही वाचता येईना. पिवळ्यावर मी थांबवलं. कॅपिटल डब्ल्यू दाबून तिने ते कायमचं करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरना मीच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “बाकीच्या स्क्रीनचं काय?” मग आम्ही दोघांनी बसून त्याही तपासल्या आणि जिथे जिथे धोक्याची सूचना लाल होती तिथे बदलली.

आता रंगांवरून वाद नाही, रकान्यांवरून आहे. प्रोग्रॅम किती वेळ चालू आहे तो रकाना मला हवा असतो. तिच्या मते तो फुकट जागा अडवतो.