दोन बिस्किटं

सकाळचा चहा गाळत होतो, तेव्हा लखनौच्याच इंदिरा नगरहून कुमुदच्या शेजारणीचा फोन आला. ‘‘अंकल, आप आ जाइए. आंटी उठ नहीं रहीं...’’ मी राहतो त्या महानगर भागातून तिथे पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. माझी धाकटी बहीण झोपल्यासारखी पडली होती आणि पायथ्याशी तिचा मिलिंद बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं वय पस्तिशीच्या पुढे, समज चार-पाच वर्षांच्या पोराची. ‘‘मामा, आई चाय नहीं पी,’’ एवढंच तो म्हणाला.

पुढे काही आठवड्यांनी आमच्या इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. ‘सुटली बिचारी’ असं एक जण म्हणाले, जणू मिलिंद हा तिला झालेला आजार होता. दुसऱ्यांनी माझे गोडवे गायले. म्हणे, बँकेतला मोठा भाऊ खंबीरपणे पाठीशी होता म्हणून मुलाला सरकारी पेन्शन, कार्ड, सगळं मिळालं. मी मान खाली घालून बसलो आणि लोकांना तो विनय वाटला. याच मंडळींनी एका गणपतीत मिलिंदने नैवेद्याआधी मोदक उचलला म्हणून पुढच्या वर्षी कुमुदला ‘तुम्ही निवांत आरतीनंतर या’ असं सुचवलं होतं. तेव्हा मीही त्यांच्यातच उभा होतो. म्हणून खरं काय घडलं ते लिहून टाकतो. माझ्या नावावर जमा झालेला हा मोठेपणा मला पचत नाही.

कुमुदचे यजमान लवकर गेले, तेव्हा मीच तिला वर्ध्याहून लखनौला आणलं. एका शाळेच्या लायब्ररीत ती नोकरीला लागली. पेन्शनच्या चार पैशांवर तिचा जीव अडकला नव्हता. तिला घोर होता तो तिच्या मागे काय होईल याचा. अशा मुलांना सांभाळणाऱ्या सरकारी निवासात मिलिंदला जागा मिळायची, तर डॉक्टरांच्या बोर्डाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागणार होतं आणि त्यावर चाळीस टक्के तरी लिहिलेले हवे होते. ‘‘दादा, मी नसले तर याला कुठल्या दारात उभं करशील?’’ असं ती विचारायची. मी म्हणायचो, बघू.

लखनौच्या ऑफिसांत तुम्हाला कुणी हाकलत नाही. अदबीने बसवतात, ‘माताजी’ म्हणतात, पाणी विचारतात आणि मग सर्वर डाउन असल्याचं सांगतात. मिलिंदला न नेलं तर ‘बच्चे को लाना था’, आणि नेलं तर ‘बच्चे को क्यों तकलीफ़ दी’. हे सगळं इतक्या गोड आवाजात की भांडायलाही तोंड राहू नये. निगरगट्टपणाला इतकी चांगली इस्त्री केलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कुमुद शाळेतून हाफ डे घेऊन, मिलिंदचा हात धरून या गोडव्यासमोर वर्षानुवर्षं उभी राहिली.

शेवटी बोर्डासमोर बोलावणं आलं तेव्हा मी पुढे सरसावलो. आपल्या घरांत पाहुणे आले की पोराला समोर उभं करून पाढे म्हणायला लावतात. मला तेच सुचलं. बोर्डासमोर भाच्याने घराण्याची लाज राखावी म्हणून मी रोज संध्याकाळी त्याला हिंदीतला दोनाचा पाढा गाण्यासारखा घोटून दिला. त्या दिवशी पांढरा शर्ट, तेल, भांग, चकचकीत बूट. ‘‘दादा, त्याला आहे तसा राहू दे ना,’’ कुमुद म्हणाली होती. मी तिला गप्प केलं. चार मोठ्या लोकांसमोर आपला मुलगा गबाळा नेतात का, म्हणालो.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, ‘‘कुछ आता है?’’ मिलिंदने ताठ उभं राहून दो एकम दो पासून दो दहाम बीस पर्यंत सुरात म्हणून दाखवलं. ‘‘अरे वाह, ये तो पहाड़ा जानते हैं,’’ डॉक्टर म्हणाले आणि मी, लाज वाटते सांगायला, फुललो. कुमुद मागून म्हणाली, ‘‘साहब, इससे दो बिस्कुट माँगिए. एक ही देगा. दो क्या होता है, इसे नहीं पता.’’ डॉक्टर हसले. ‘‘माताजी, पेंशन तो सबको चाहिए.’’ मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एका साहेबाने दुसऱ्याकडे पाहावं तसं, आणि मीही हसलो. बहिणीच्या वतीने माफी मागितल्यासारखा...

कागदावर चाळीसच्या बरेच खालचे टक्के आले. निवास मिळाला नाही, काहीच मिळालं नाही. त्यानंतरची अपिलं, पुन्हा तपासणी, वरच्या बोर्डाच्या चकरा कुमुदने एकटीने केल्या. मला सोबत येऊ दिलं नाही आणि कारणही सांगितलं नाही. तिच्या जागी मी असतो तर माझ्याशी बोलणं टाकलं असतं. ती मात्र दर रविवारी मला जेवायला बोलवत राहिली. हवे ते टक्के तिनेच मिळवले, पण कागद मुदतीचा होता. मुदत संपत आली आणि ती गेली. निवासातल्या जागेसाठी नाव अजून प्रतीक्षेतच आहे.

म्हणून गेल्या आठवड्यात कागदाची मुदत वाढवून घ्यायला मिलिंदला घेऊन मी बोर्डाकडे गेलो. खोली तीच, डॉक्टर दुसरे, कागदावरून नजर न उचलण्याची विद्या तीच. ‘‘कुछ सुनाएँगे?’’ असं विचारल्याबरोबर मिलिंद ताठ झाला आणि माझाच पाढा सुरू झाला. इतक्या वर्षांत तो एक अक्षर विसरला नव्हता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं आणि पिशवीतून कुमुदचा डबा काढून टेबलावर ठेवला. ‘‘डॉक्टर साहब, पहाड़ा मैंने रटवाया है. आप इससे दो बिस्कुट माँगिए.’’ मागे रांग होती, ते वैतागले, पण मी हललो नाही. त्यांनी हात पुढे केला. मिलिंदने एक बिस्किट दिलं. डॉक्टरांचा हात तसाच पुढे होता. मिलिंदने दुसरं काढलं आणि मागे वळून धरलं. कुमुद नेहमी त्याच्या मागे उभी असायची. तिथे आता भिंत होती. थोडा वेळ त्याने हात तसाच धरला, मग बिस्किट डब्यात ठेवून झाकण लावलं. डॉक्टर लिहायला लागले.

डबा आता माझ्या घरी फ्रीजवर असतो. चहाच्या वेळी मिलिंद तो खाली काढतो. मी दोन मागतो, तो एक देतो. कुमुद त्यावर ‘आणि माझं?’ म्हणायची, की तो हसून तिच्या हातावर दुसरं ठेवायचा. दोन हा आकडा तिने त्याच्यापुरता असा सोपा करून ठेवला होता. मला तो पाढ्यातूनच शिकवायचा होता.

तो रोज एक देऊन झाकणावर हात ठेवून थांबतो, माझ्या तोंडाकडे बघत. ते दोन शब्द माझ्या तोंडून अजून निघालेले नाहीत...