पाठमोरीचा चेहरा

मास्तरांची आणि तुमची पहिली भेट झाली की ते आधी तुमच्या कानांकडे बघत. मग हनुवटीकडे, मग पुन्हा कानांकडे. तुम्ही बोलत असायचात, ते "हं, हं" करत असायचे, आणि आपलं बोलणं यांच्या डोक्यात शिरत नाही हे तुम्हाला स्वच्छ दिसत असायचं. माझ्या आईनं तर पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "मास्तर, माज्या त्वांडाला काय लागलंय का?" मास्तर म्हणाले, "नाही हो. तुमची उजवी भुवई डावीपेक्षा वर आहे, एवढंच." त्यानंतर आई चार दिवस आरशात बघत होती.

मास्तर लोणावळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. मी तिथून पाच-सहा मैलांवर, लोहगडाच्या बाजूला असलेल्या आमच्याच गावात प्राथमिक शिक्षक होतो. ही सत्तर सालानंतरची गोष्ट. मला गोष्टी लिहायचा नाद, त्यांना चित्रांचा. एका चित्रकला परीक्षेला आमची गाठ पडली आणि वर्षभरात पुण्याच्या एका मुलांच्या मासिकात आमची भुतांची चित्रमाला सुरू झाली. दर महिन्याला दोन पानं, आणि चौकटीचौकटीतून भूत पुढं सरकायचं. गोष्ट माझी, भूत मास्तरांचं. ते मला गुरुजी म्हणत आणि मी त्यांना मास्तर. आमची खरी नावं फक्त मासिकात छापून यायची.

मास्तरांचा एक कायदा होता. न पाहिलेला चेहरा ते काढत नसत. "मनातून भूत काढता येत नाही, गुरुजी," ते म्हणायचे. "मनात नुसती भीती असते. तिला नाक-डोळे नसतात. ते बाजारातून आणावे लागतात." आणि ते खरोखरच आणायचे. पोस्टातल्या कारकुनाचं नाक मुंजाला लागलं. वेताळाला माझे कान लागले, तेही मला न विचारता. मासिक आलं की बाजारपेठेतली माणसं त्यात आपापला अवयव शोधत बसायची, आणि ज्याला सापडायचा तो आठवडाभर खुशीत असायचा. एकदा मास्तरांचा न्हावी रुसून म्हणाला, "तीन वर्षं तुमची दाढी करतोय, आणि मला साधा खवीसपण केला नाहीत?" पुढच्या महिन्यात मास्तरांनी त्याला मिशीसकट खवीस करून टाकलं. चेहरा घेतला म्हणून माणसाचं काही जात नाही, असं मास्तरांचं मत होऊन बसलं होतं. खरं सांगायचं तर माझंही.

मग मास्तरांना वाटायला लागलं की आपल्या भुतांना मुलं हसतात, घाबरत कुणी नाही. "खरी भीती कुठं मिळेल?" असं त्यांनी मला एखाद्या दुकानाचा पत्ता विचारावा तसं विचारलं. मी त्यांना आमच्या गावावरच्या वाडीत हौसामावशीकडे घेऊन गेलो. हौसामावशी सुईण. गावातली आणि वाडीतली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, त्यात मीही आलो. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात नाचणी पाखडत होती. बाळंतपणात गेलेल्या एका बाईची गोष्ट तिनं आम्हाला सांगितली. घरात कुणाला कळा सुरू झाल्या की ही बाई दारात येते, पाठमोरी उभी राहते आणि हात मागं करून विस्तव मागते. सुईणीनं उंबऱ्यावर आडवा कोयता ठेवायचा आणि चूल विझलीय म्हणून सांगायचं. विस्तव द्यायचा नाही आणि तिच्या तोंडाकडे बघायचं नाही.

मावशी सांगत होती आणि मास्तर वहीत तिचा चेहरा काढत होते. गालावर गोंदलेले तीन ठिपके, डावीकडे किंचित दुमडलेला खालचा ओठ, बारीक झालेला उजवा डोळा, सगळं त्यांनी टिपलं. मास्तरांनी चित्र दाखवलं तेव्हा मावशीनं ते बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "येवडी म्हातारी झाले व्हय मी?" मग तिनं एक अट घातली. "गोष्ट खुशाल लिवा. पर त्या बाईचं त्वांड दाखवायचं न्हाई. बाळंतिणीच्या घरात तिचं त्वांड दिसलं तर मूल हाताला लागत न्हाई." मास्तर म्हणाले, "नाही दाखवणार, मावशी. आणि तुमचं हे चित्र माझ्या वहीतच राहील." मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मावशी, मी हाय न्हवं." त्यावर ती म्हणाली, "तू हाईस म्हंजी झालं," आणि पुन्हा नाचणी पाखडायला लागली.

मास्तरांनी शब्द पाळला, आणि कसा पाळला. वर्षभर ती बाई दर महिन्याला मासिकात पाठमोरी यायची. नुसते केस, खांदे, मागं केलेला हात. पण त्या पाठीत मास्तरांनी असं काही भरलं होतं की माझ्या वर्गातली पोरं ते पान उघडायला दोघादोघांनी बसायची. मास्तर माझ्यावर लई खूश होते. मी त्यांना भीतीचा पत्ता दिला होता.

त्या सुमारास मुंबईचा टीव्ही पुण्याकडेही दिसायला लागला होता. लोणावळ्याला हवापालटासाठी आलेल्या मुंबईच्या एका निर्मात्यानं मासिक पाहिलं आणि मास्तरांना गाठलं. ही गोष्ट हलत्या चित्रांत करायची, पाच पाच मिनिटांचे तेरा भाग, टीव्हीसाठी; बाकी चित्रं स्थिर, हलायची फक्त ती बाई. मास्तरांनी शाळेतून रजा घेतली. एका बंद बंगल्याच्या आउटहाउसमध्ये टेबलावर काच ठेवून, वरून खाली बघणारा कॅमेरा बसवला. बाईचे हात, मान, केस सगळं पुठ्ठ्याचं वेगवेगळं कापलेलं, दोऱ्यानं जोडलेलं. हात केसभर सरकवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर सरकवायचा. कितवं चित्र झालं ते मोजून सांगायचं काम माझं. एका रविवारी आम्ही सकाळपासून दिवे लागेपर्यंत खपलो, आणि दिवसभरात त्या बाईनं विस्तवासाठी हात मागं केला, एवढंच झालं. मास्तर एवढे खूश होते की जेवायचं विसरले.

पुठ्ठा चिक्कीच्या खोक्यांचा होता. त्यामुळे बाईला मुंग्या लागायच्या. एकदा सकाळी येऊन बघतो तर तिचा डावा हात मुंग्यांनी टेबलाच्या कडेपर्यंत ओढत नेलेला. मास्तर मुंग्यांवर चिडले नाहीत. वाकून बघत म्हणाले, "आमच्यापेक्षा बरी हलवतात हो." धुक्याच्या दिवसांत पुठ्ठा दमट होऊन वाकायचा, तेव्हा ते तिला शेगडीजवळ वाळत घालायचे आणि अधूनमधून उलटी करायचे. इतका जीव लावून काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच पुढचं लिहिणं मला अजूनही जड जातं.

बारा भाग झाले आणि निर्मात्याचा निरोप आला की शेवटच्या भागात बाई वळली पाहिजे, लोक तिचा चेहरा मागणार. मी म्हणालो, ते होणार नाही, आपण शब्द दिलाय. मास्तर म्हणाले, "कागदावर पाठ चालते, गुरुजी. पडद्यावर माणूस चालायला लागला की बघणाऱ्याला तोंड हवं असतं." मी पुन्हा मावशीचं नाव काढलं, तेव्हा म्हणाले, "बघतो काहीतरी." मग माझ्या शाळेच्या परीक्षा आल्या आणि शेवटच्या भागाला मी गेलो नाही. त्या दिवसांत मास्तर एकदा बाजारात भेटले. काम झालं म्हणाले, गडबडीत आहे म्हणाले. त्या दिवशी ते माझ्या कानांकडे बघत नव्हते, माझ्या चपलांकडे बघत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्या पंचायतीला सरकारकडून टीव्ही मिळाला होता. तो चावडीत ठेवलेला आणि त्याच्या अँटेनाची काठी चिंचेला बांधलेली. दर आठवड्याला संध्याकाळी एक भाग. बारा आठवडे सगळं गाव आणि सगळी वाडी चावडीत जमत होती. सुरुवातीला 'कथा' असं येऊन माझं नाव आलं की पोरं टाळ्या वाजवायची. हौसामावशीला मी पुढच्या रांगेत बसवायचो. ती शेजारणीला सांगायची, "माजी गोष्ट हाय ही."

तेराव्या भागात ती बाई दारात उभी राहिली. हात मागं. आतून सुईण म्हणाली, चूल विझली. आणि इतके आठवडे पाठमोरी असलेली ती बाई हळूहळू वळली. गालावर तीन ठिपके. डावीकडे दुमडलेला ओठ. बारीक उजवा डोळा.

चावडीत कुणी ओरडलं नाही. पुढं बसलेलं एक पोरगं पडद्यावरून नजर काढून मावशीकडे वळलं आणि रडायला लागलं. त्यालाही तिनंच जगात आणलं होतं. एका बाईनं आपल्या पोटुशा सुनेला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर नेलं. मावशी म्हणाली, "ह्ये तर माजंच त्वांड हाय." ती रागानं बोलली नव्हती, वाडीतल्या एखाद्याला ओळखावं तसं म्हणाली होती. मग तिनं पदर पुढं ओढला आणि भाग संपेपर्यंत तशीच बसून राहिली. मी तिच्या शेजारी होतो आणि पडद्याकडेच बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आउटहाउसवर जाऊन थडकलो. मास्तर जणू माझीच वाट बघत बसले होते.

"सतरा चेहरे काढले, गुरुजी," ते म्हणाले. "इकडचं नाक, तिकडचे डोळे. सतराही मेलेले. तो एकच जिवंत होता."

"ती जिवंतच आहे, मास्तर. माझ्या गावात राहते."

"मुंबईच्या टीव्हीवर इतक्या लांबचं कोण ओळखणार, असं वाटलं मला."

"तिचंच गाव ओळखणार. आणखी कुणी ओळखायची गरजच नाही."

मग खाली बघत म्हणाले, "पण चेहरा उतरला होता की नाही, सांगा." मी त्यांच्यावर ओरडलो ते या वाक्यामुळे. कारण चेहरा उतरला होता. त्यांच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आणि ते करायला त्यांनी माझा शब्द वापरला होता. मित्रानं फसवलं की माणूस निदान त्याला वाईट चित्रकार तरी म्हणू शकतो. मला तेवढंही करता येईना.

तसा माणूस भेकड नव्हता. त्या रविवारी स्वतःहून गावात आले, चावडीत सगळ्यांसमोर पिशवीतून बाईचे पुठ्ठ्याचे तुकडे काढले आणि कुठला हात कसा हलतो ते दाखवलं. हे चिक्कीचं खोकं आहे, हा दोरा आहे, यात मावशीचा काही संबंध नाही, असं तीन-तीनदा सांगितलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं. त्यांना चहा दिला. दोघा-तिघांनी आपल्या पोरांची चित्रंही काढून घेतली. आणि त्यानंतर हौसामावशीला बाळंतपणाला कुणी बोलावलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी तिला हडळ म्हटलं नाही. फक्त दिवस भरत आले की पोरींना माहेरी धाडायला लागले, नाहीतर लोणावळ्याच्या नर्सबाईंना आणायला लागले.

मास्तर वाडीत जाऊन तिच्या पाया पडले तेव्हा मी बरोबर होतो. मावशीनं त्यांना उठवलं आणि म्हणाली, "भाऊ, चित्र लय चांगलं काडलं तुमी. पर माजं काम गेलं." परत येताना उतारावर मास्तरांनी माझा हात धरायला बघितला. मी तो सोडवून घेतला.

पुढं मास्तर मुंबईला गेले. टीव्हीच्या कामांत त्यांचं बरं चाललं होतं असं ऐकलं. त्यांची मला तीन पत्रं आली. पहिलं लांबलचक होतं, त्यात मावशीची चौकशी होती. दुसऱ्यात त्यांनी लिहिलं होतं की आता नुसत्या झाडांची आणि जनावरांची चित्रं काढतो. दोन्ही पत्रांना मी उत्तर दिलं नाही. मित्रानं विश्वासघात केला, असं मी चारचौघांत सांगायचो आणि लोक मान हलवायचे. तिसऱ्या पत्रात एकच ओळ होती. "गुरुजी, राग गेला का?" ते पत्र आलं तेव्हा राग गेलेला होता, तरी मला उत्तर लिहिता आलं नाही. काही वर्षांनी मास्तर गेल्याचं कळलं, आणि ते उत्तर कायमचं राहिलं.

ते पत्र येण्याआधी झालं होतं असं. चावडीतल्या त्या संध्याकाळनंतर वर्षभरानं माझ्या बायकोला दिवस गेले. दिवस भरले आणि एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. मी चपला घालत होतो. आई दारात येऊन म्हणाली, "हौसाला नगं हां." मी चावडीत, बाजारात, शाळेत, सगळीकडे मावशीच्या बाजूनं वर्षभर भांडलो होतो. आईला मी म्हणालो, "व्हय, ठाऊक हाय," आणि सरपंचांची जीप मागायला गेलो.

नर्सबाईंना घेऊन परत येताना ओढ्याच्या वळणावर हौसामावशी दिसली. डोक्यावर मोळी होती. रस्ता अरुंद, म्हणून ती कडेला सरकून उभी राहिली आणि ड्रायव्हरनं गाडी हळू केली. तिनं नर्सबाईंची पांढरी साडी बघितली, पिशवी बघितली, मग मला बघितलं. काय ते तिला समजलं.

"बिगी बिगी ने, पोरा," ती म्हणाली. "पयलटकरीन हाय ती. कळा मंदावल्या तर पाठ चोळाया सांग."

गाडी पुढं निघाली. नर्सबाईंनी मागं वळून बघितलं आणि विचारलं, "कोण हो त्या? जाणत्या दिसतात."

"हाय वाडीतली एक बाई," मी म्हणालो.