उतारावरचा डबा

सोरापच्या थांब्यावर उतरणारा माणूस आधी थुंकायचा, कारण तोंडात वाळू गेलेली असायची. मग तो पाणी मागायचा, आणि पाणी प्यायल्यावर पुन्हा थुंकायचा. बलुचीत सोराप म्हणजेच खारं पाणी. नाव ठेवणाऱ्यानं कुणाला फसवलं नव्हतं.

शाहदोस्त याच रुळांच्या कडेला जन्मला. त्याचा बाप रूळ राखणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये होता. वाऱ्याबरोबर वाळूच्या टेकड्या सरकत यायच्या आणि रुळांवर बसायच्या. गँगनं फावड्यांनी त्या हटवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेकड्या पुन्हा हटवायच्या. बाप म्हणायचा, "चाकरी आपण वाळूची करतो, पगार तेवढा रेल्वे देते." बाप गेला तेव्हा त्याचंच फावडं शाहदोस्तच्या हातात आलं. पुढे एका हिवाळ्यात वाळूनं गँगच्या खोल्याही गिळल्या. मग रेल्वेनं मोडीत काढलेले मालडबे आणून बाजूच्या रुळावर उभे केले आणि सांगितलं, यांत राहा. माणसं राहू लागली. डब्यांच्या दारांना गोधड्या लागल्या, छतांतून चुलींची धुराडी निघाली.

पाणी गाडीनं यायचं. दालबंदीनकडून टाक्यांची गाडी यायची, कधी पंधरवड्यानं, कधी त्याहून उशिरा. ते पाणी आधीच मचूळ, त्यात टाक्यांचा गंज. त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. दाढी धुतली तर केस तारेसारखे ताठ व्हायचे.

पाऊस पडायचा तो थंडीत, आणि एखाद्याच वर्षी पोटभर. बाकीच्यांच्या डब्यांवरून तो दोन्ही अंगांनी वाळूत गळून जायचा. शाहदोस्तनं तेलाचे डबे उभे कापले, पत्रे ठोकून पन्हळी केल्या आणि त्या छताच्या दोन्ही कडांना बांधल्या. डब्याच्या एका टोकाला ब्रेकवाल्यासाठी असतो तसा छोटा ओटा होता. त्यावर दोन पिंपं एकाला एक जोडून टाकी केली आणि साखळीनं बांधली. पण डबा सपाट उभा होता. पाणी पन्हळीच्या मध्येच तुंबायचं आणि काठावरून सांडायचं.

बाजूचा रूळ पश्चिमेला उतरत जाऊन मुख्य रुळाला मिळायचा. मिळण्याच्या आधी एका जागी रूळ मुद्दाम तोडून वाळूत वळवलेला होता. एखादा डबा सुटलाच तर त्यानं तिथे वाळूत तोंड खुपसावं आणि गप्प पडावं, मुख्य रुळावर जाऊ नये. खरा उतार होता तो त्या तुटीच्या पलीकडे.

शाहदोस्तनं तुटीपाशी रूळ सरळ जुळवून साखळदंडानं बांधला, चार माणसं आणि पहारी लावून डबा तिच्यापलीकडे ढकलला, आणि चाकांखाली लाकडाचे मोठे ठोकळे मारले. घरात चालताना थोडं उताराला चालल्यासारखं वाटायचं. चहाची पेली ठेवली की हळूहळू दाराकडे सरकायची. पण त्या हिवाळ्यात टाकी गच्च भरली.

गँगमधला कादबख्श जिभेनं तिखट होता. सगळे त्याला कादू म्हणायचे. तो म्हणाला, "मामा, पाणी उताराला जातं हे खरं. पण डबाही उतारालाच जातो की."

"तुझी अक्कल जाते तशी," शाहदोस्त म्हणाला. "ती बघ कधीची खाली गेली."

मुकादम बघायला आला. त्यानं तुटीकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला. गोहरनं, शाहदोस्तच्या बायकोनं, त्याला गोड्या पाण्याचा चहा दिला. चहाचा खरा रंग मुकादमानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यानं दुसरी पेली मागितली, आणि डब्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. सगळा सोराप मग घागरी घेऊन त्या टाकीशी येऊ लागला. हसले होते तेही आले.

अशी काही वर्षं गेली. मुलगा मीरल कराचीला गोदीत कामाला लागला. गोहरच्या पाठीत कळा येऊ लागल्या. आधी कधीतरी, मग वरचेवर. दालबंदीनच्या डॉक्टरनं सांगितलं, मूत्रपिंडात खडे आहेत, खारं पाणी बंद करा. "गोडं पाणी भरपूर पाजा. नाहीतर ही बाई वाचायची नाही." इतक्या सरळ शब्दांत सांगितलं. शाहदोस्त परतीच्या गाडीत खिडकीबाहेर पाहत बसला. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतंच.

त्या दिवसापासून टाकी फक्त गोहरची झाली. घागरी घेऊन आलेले रिकामे परत गेले. आणि त्याच हिवाळ्यात पाऊस पडला नाही. पुढचा उन्हाळा टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर निघाला, कापडातून गाळून, वाटीवाटीनं. मग तेही संपलं. गोहर गाडीचं पाणी पिऊ लागली. तिच्या चेहऱ्याची कातडी हाडांवर ओढली गेली.

पुन्हा थंडी आली, आणि उत्तरेचा वारा असा सुटला की डब्याचे पत्रे रडायला लागले. गोहर कळांनी कण्हत, थंडीनं कुडकुडत होती. सरपण संपलं होतं. त्या मुलखात लाकूड म्हणजे रुळांखालचे स्लीपर, आणि स्लीपर रेल्वेचे, मोजून ठेवलेले. शाहदोस्त बाहेर गेला, खाली वाकला आणि चाकाखालचा एक ठोकळा काढून आणला. कुऱ्हाडीनं फोडला. विटा तापवल्या, चिंध्यांत गुंडाळून तिच्या पाठीला लावल्या.

"लाकूड कुठून आणलंस, मीरलच्या बापा?" तिनं विचारलं.

"आहे. झोप तू."

पुढच्या दिवसांत दुसरा ठोकळाही गेला. त्यांच्या जागी त्यानं दगड रचले, फटींत वाळू ठासली आणि पायानं घट्ट केली. डबा हलला नाही. हलेल कशाला? इतकी वर्षं उभा होता. चाकं रुळाला गंजून चिकटली असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि तिकडे बघणं सोडून दिलं.

पाण्याची गाडी यायची होती त्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. पश्चिमेकडून ढग आले, काळे नव्हे, मातकट. वारा एकदम पडला. कुत्री डब्यांखालून निघून उंचवट्यावर जाऊन बसली. मग पत्र्यावर पहिला थेंब वाजला, आणि सगळ्या डब्यांतून माणसं भांडी घेऊन बाहेर धावली.

शाहदोस्तनं पन्हळीतून टाकीत सोडलेली नळी बाहेर काढून धरली. पहिलं पाणी छताचं असतं, पिणाऱ्याचं नसतं. वर्षाची धूळ, पाखरांची घाण, इंजिनांची काजळी, सगळं त्यात उतरतं. नळीतून लाल चिखल वाहिला. तो थेट खाली, चाकांच्या पुढ्यात पडत होता.

"मामा, सोड आता टाकीत!" कादू पलीकडून ओरडला. "छताला काय नवरीसारखं न्हाऊ घालतोस? पाऊस थांबेल!"

"तुझ्या पोटाला काहीही चालतं. हे तिच्यासाठी आहे."

पाणी निवळलं तेव्हा त्यानं नळी टाकीत सोडली. पाऊस असा कोसळत होता की पन्हळी दोन्ही अंगांनी गर्जत होत्या. पहिली वाटी त्यानं आत नेली. गोहर भिंतीला टेकून उठली, दोन्ही हातांनी वाटी धरून प्याली, आणि डोळे मिटले.

"गोडं आहे," ती म्हणाली.

तो टाकीपाशी परतला. पाणी अर्ध्यावर आलं होतं. मग काठापासून वीतभर खाली. तेवढ्यात पायांखालून एक आवाज आला. कुणीतरी दात खावेत तसा. त्यानं खाली पाहिलं. रचलेल्या दगडांमधली वाळू पाण्याबरोबर निघून गेली होती. दगड मोकळे बसले होते. त्यातला एक कलंडला.

डबा हलला.

इतका हळू, की आधी वाटलं जमीनच मागे जाते आहे. शाहदोस्तनं ओट्यावरचं ब्रेकचं चाक दोन्ही हातांनी धरून पिळलं. गंजलेलं चाक तसूभरही फिरलं नाही. पूर्वेकडून पावसातून शिटी ऐकू आली.

"गोहर! उतर खाली! उडी टाक!"

"काय झालं?" आतून आवाज आला. ती दाराकडे निघाली, कळ आली तशी खाली बसली, आणि तिला उठता येईना.

कादूनं डबा सरकताना पाहिला. त्यानं हातातलं घमेलं टाकलं, डोक्याचा लाल रुमाल उपसला आणि शिटीच्या दिशेनं रुळांमधून पळत सुटला. मुख्य रूळ आता हाकेवर होता. चाकं ओल्या रुळांवर आवाजही करत नव्हती.

हाताशी होती ती एक पहार, आणि समोर भरलेली टाकी. शाहदोस्तनं टाकीकडे पाहिलं. ते पाहणं फार लांबलं, असं त्याला वाटलं. मग त्यानं साखळीचा आकडा पहारीनं उडवला, पहार टाकीच्या बुडाखाली घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. टाकी जागची हलेना. त्यानं शिव्या दिल्या, टाकीला, रेल्वेला, बापाला. पुन्हा जोर लावला. ओल्या ओट्यावरून टाकी उताराला घसरली, काठाशी क्षणभर अडली, आणि पुढच्या चाकांसमोर रुळावर कोसळली.

लोखंड चिरडल्याचा आवाज सगळ्या सोरापनं ऐकला. डबा टाकीवर चढला, तिरका झाला, थरथरला आणि तिथेच अडकून राहिला. सगळं पाणी एकदम बाहेर पडलं आणि दिसेनासं झालं. वाळूला ते प्यायला एक श्वासही लागला नाही.

गाडी थांबली तेव्हा इंजिन आणि डबा यांच्यामध्ये एका डब्याचीही जागा उरली नव्हती. ड्रायव्हर रहमदिल खाली उतरला. कादू त्याच्या मागे गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्या मुलखात दोन माणसं भेटली की आधी हाल, म्हणजे खुशाली, विचारायचा, मग बाकी सगळं. घरात मयत असली तरी हाल चुकत नाही. आणि उत्तराची सुरुवात एकाच शब्दानं होते, खैर, म्हणजे सगळं ठीक.

"हाल दे," ड्रायव्हर म्हणाला.

शाहदोस्तच्या कपाळावरून रक्त आणि पाणी वाहत होतं. "खैर आहे," तो म्हणाला. "घरी खैर आहे. पाऊस आहे."

"मामा, बस खाली," कादू हळूच म्हणाला.

मुकादम आला. त्यानं चिरडलेली टाकी पाहिली, बाहेर पडलेले दगड पाहिले, आणि त्या जागी असायला हवे होते ते ठोकळे शोधले. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "उद्याच हा डबा तुटीच्या अलीकडे न्यायचा. सपाटीला. पन्हळी काढून टाका. वर कळवावंच लागेल मला."

गाडीच्या टाकीचा नळ सुटला. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या.

गोहर तिरक्या दारात चौकटीला धरून बसली होती. डब्याखाली काय पडलं आहे ते तिला दिसत होतं. तिनं एकदाही टाकीचं नाव काढलं नाही.

"मीरलच्या बापा," ती म्हणाली, "पन्हळ अजून गळते आहे. परात लाव खाली."

त्यानं परात लावली. मग पातेलं, मग कादूचं घमेलं. पन्हळ आता डब्याबरोबर वाकडी झाली होती आणि पाणी भलत्याच कोपऱ्यातून येत होतं. तो भांडं घेऊन त्या धारेमागे सरकत राहिला. पश्चिमेला ढगाखाली पिवळी फट पडली. धार बारीक झाली, मग तुटली, मग नुसते थेंब. गोहरनं दारातून वाकून परातीत पाहिलं आणि तिची नजर वर आभाळाकडे गेली. आभाळ वाळूच्या रंगाचं होत चाललं होतं.

शाहदोस्त परात धरून उभाच राहिला. पुढचा थेंब पडायला वेळ लागत होता.