बिब्ब्याचं दूध

गावठी औषधाची दुश्मन म्हणतात मला. म्हणोत बापडे! बिब्ब्याच्या फळाचं तेल काढता काढता चार वर्षं हात माझेच उतले, फोडांवर खोबरेल चोळत मीच बसले. त्या तेलातल्या कोणत्या द्रव्यानं कॅन्सरच्या पेशी मरतात, हे शोधत होते मी, वर्ध्याच्या एका कॉलेजात. दुश्मन अशी असते होय?

त्याच काळात आईच्या छातीत गाठ निघाली. केमोचे तीन डोस झाले, केस गेले, उलट्यांनी ती अर्धी झाली. अन् एका दुपारी माझ्या काचेच्या ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या, पार सगळ्या. पिपरीच्या घरी फोन करून मी ओरडलेच, "आई, बिब्ब्यानं मारल्या!" जाम गावच्या चौकात जडीबुटीचं दुकान चालवणारे काका तेव्हा घरीच आलेले होते.

चौथ्या डोसाच्या सकाळी मी होस्टेलवरून रिक्षा घेऊन आले, तर आई तयारच नाही. तोंड सुजलेलं, ओठांवर फोड. काका सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरून पेल्यातल्या दुधात तेलाचे थेंब पाडत होते. थंडीत कंबर धरली की आमच्याकडे असं दूध देतात, पण एखादाच थेंब, अन् आधी तोंडाला तूप लावून. काकांनी रोज एकेक थेंब वाढवत नेला होता.

माझं डोकंच फिरलं. "काका, ठेवा ते खाली!"

"काऊन? तुनंच त सांगतलं, पेशी मरते म्हणून. आपल्या औषधावर भरोसा नाई तुले?"

"ताटलीत मीठ जास्त पडलं तरी मरते पेशी! मीठ चारता काय तिले?"

आई म्हणाली, "कल्ला नको करू. मले ते सलाईन आता सहन होत नाई. हे दूध जाळते, पण माह्या लेकीनं शोधलं हाय."

मला रडूच फुटलं. मी अर्धंच सांगितलं होतं. दुसऱ्या ताटलीत चांगल्या, निरोगी पेशी होत्या. तेवढ्याच तेलानं त्याही मेल्या होत्या, अन् फुशारकीत मी ते सांगायचंच गिळलं होतं. आता सांगितलं, दोघांच्या तोंडावर. "फक्त रोगाले मारणारं द्रव्य वेगळं निघालं, तर मीच आणून देईन तुले. आज नाई. आज केमोच!"

आईनं डोक्याला रुमाल बांधला आणि पेला मोरीत उपडा केला. "भाऊजी, दिवा इझवा," म्हणाली. काकांनी विझवला.

तोंड कशानं भाजलं, डॉक्टरांनी विचारलं. "माझ्या अर्ध्या बोलण्यानं," मी म्हटलं. फोड बरे होईपर्यंत डोस देता येईना. पंधरा दिवस गेले. पुढचे सगळे डोस आईनं दातओठ आवळून घेतले.

त्यानंतर ती दीडच वर्ष राहिली. त्या पंधरा दिवसांनी तिचं किती आयुष्य नेलं, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून कोणी न तपासलेलं औषध रोग्याला पाजताना दिसलं, की मी गप्प बसत नाही, अन् बसणारही नाही.