एका ओळीची चूक

आम्ही डीबगर बनवतो, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामरांना स्वतःच्या चुका सापडाव्यात म्हणून वापरायचं साधन. मध्यंतरी त्यालाच रोग जडला. दहाव्या ओळीवर थांब म्हटलं की तो अकराव्या ओळीवर थांबायचा, आणि गिऱ्हाईकं आमच्या नावानं शिमगा करायची. जुन्या आवृत्तीत सगळं नीट चालत होतं, म्हणजे मधल्याच कुठल्यातरी बदलानं घात केला होता.

तो भाग माझा मित्र सांभाळायचा. इथं गुजरातेत, गोडादऱ्यात आम्ही एकाच गल्लीत वाढलो, दोघांचेही वडील धुळ्याकडून येऊन कापडाच्या लूमवर लागलेले, आणि या नोकरीतही मला त्यानंच ओढून आणलेलं. मिटिंगमध्ये साहेबांनी विचारलं तेव्हा मी काही न तपासता सरळ त्याचं नाव घेतलं. शेवटचा हात त्याचाच लागलाय, असंही वर ठणकावून सांगितलं. मला तेव्हा फार कळत होतं ना! तो एवढंच म्हणाला की एकदा बघून घेऊ या. कोणी बघितलं नाही. आठवड्याभरात त्यानं राजीनामा दिला आणि कामरेजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला लागला.

मग ती चूक शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. पद्धत साधी आहे. चालणारी जुनी आवृत्ती आणि बिघडलेली नवी, यांच्या बरोबर मधली घ्यायची, चालवून बघायची, मग जिकडे बिघाड असेल तिकडच्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं करायचं. हे मिटिंगच्या दिवशीच करता आलं असतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकच बदल उरला. दिवाळीला धुळ्याची बस पकडायच्या घाईत कोणीतरी ओळी शून्यापासून मोजायच्या की एकापासून, यात घोळ घातला होता. त्या बदलाखाली नाव माझं होतं.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, होतं असं. डबा तसाच ठेवून मी जिन्यात गेलो आणि त्याला फोन लावला.

लहानपणापासून आम्ही दोघं एकमेकांशी अहिराणीशिवाय बोललो नव्हतो. मी म्हणालो, “भाऊ, चूक मनी व्हती. माले माफ कर.”

तो शांतपणे, अगदी अदबीनं गुजरातीत म्हणाला, “कंई वांधो नहीं. तमे चिंता नहीं करो.”

मला ‘तमे’ म्हणाला, म्हणजे ‘तुम्ही’. तिथेच पायरीवर बसून मी रडलो. मिटिंगमध्ये त्याच्याविरुद्ध मी गुजरातीतच बोललो होतो, साहेबांना नीट कळावं म्हणून.